कॉर्पोरल जेसन डनहम : एका निर्णयाची घडण

१. विवेचनाचा प्रश्न

१४ एप्रिल २००४ रोजी, इराकच्या पश्चिम टोकाला सीरियाच्या सीमेजवळ असलेल्या काराबिला गावात, अमेरिकेच्या मरीन कोअरमधला कॉर्पोरल जेसन ली डनहम याने एका सुटलेल्या हातबॉम्बवर आपले हेल्मेट दाबले आणि स्वतःला त्यावर झोकून दिले. त्याच्या अगदी जवळचे दोन सहकारी जखमी झाले, पण वाचले. डनहम आठ दिवसांनी मेरिलँडमधील बेथेस्डा येथे नौदलाच्या रुग्णालयात मरण पावला. तेव्हा त्याचे वय बावीस वर्षे पाच महिने होते. पुढे त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मरणोत्तर देण्यात आला. इराक युद्धातील पराक्रमासाठी तो मिळालेला हा पहिला मरीन. व्हिएतनामनंतरच्या कोणत्याही लढाईसाठी त्याआधी एकाही मरीनला तो मिळालेला नव्हता.

अशा कृतीचा अर्थ लावताना दोन उत्तरे चटकन पुढे येतात. एक उत्तर असे, की हा क्षणाचा आवेग होता. विचार करायला वेळच नव्हता. दुसरे असे, की सैन्यातल्या शिकवणीने माणूस इतका घडवला जातो की वेळ आली की शरीर आपोआप हालचाल करते. पहिल्या उत्तरात विचाराला जागा उरत नाही आणि दुसऱ्यात माणसाला. डनहमच्या आयुष्याचे आणि त्या दिवसाचे जे तपशील नोंदले गेले आहेत ते पाहिले, तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : डनहमची कृती हा निर्णय होता, तो काही सेकंदांत अमलात आला, पण त्याची घडण कित्येक महिने चालू होती, आणि त्या घडणीच्या केंद्रस्थानी मरणाची ओढ नसून आपल्या हाताखालच्या माणसांना जिवंत परत नेण्याची जबाबदारी होती.

हे तपासण्यासाठी त्याचे आयुष्य, तो ज्या संस्थेत होता तिची रचना, त्या वेळचा रणप्रदेश, घटनेचा क्रम, हेल्मेट आणि बॉम्ब यांचे भौतिक वर्तन, उपलब्ध पुरावा आणि शेवटी कृतीचे नैतिक स्वरूप असा क्रम घेतला आहे.

२. आयुष्यक्रम

डनहमचा जन्म १० नोव्हेंबर १९८१ चा. मरीन कोअर आपला स्थापनादिन याच तारखेला साजरा करते. १० नोव्हेंबर १७७५ रोजी या दलाच्या उभारणीचा ठराव फिलाडेल्फियात झाला होता. हा निव्वळ योगायोग आहे, पण पुढे त्याच्या सन्मानाच्या घोषणेसाठी हाच दिवस निवडला गेला.

त्याचे गाव सायो. न्यूयॉर्क राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मॅनहॅटन उभे राहते. सायो त्यापासून शेकडो मैल दूर, राज्याच्या नैर्ऋत्य भागात आहे. ॲलिगेनी परगण्यातली जेमतेम दोन हजारांची ही वस्ती. अशा गावात शाळा एकच असते आणि तिच्या संघात खेळणारा मुलगा सगळ्यांच्या ओळखीचा असतो. डनहम उंचापुरा होता. शाळेकडून बास्केटबॉल, फुटबॉल आणि बेसबॉल खेळला आणि बेसबॉलमध्ये फलंदाजीच्या सरासरीचा शाळेचा विक्रम त्याच्या नावावर होता. २००० साली शालेय शिक्षण संपवून तो मरीन कोअरमध्ये भरती झाला. ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले तेव्हा व्हायचे होते. म्हणजे भरतीच्या वेळी अमेरिकेचे कोणतेही मोठे युद्ध चालू नव्हते. सूडाच्या किंवा युद्धज्वराच्या लाटेवर तो सैन्यात गेला, असे म्हणायला आधार नाही.

दक्षिण कॅरोलायनातील पॅरिस आयलंड येथे प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर त्याची नेमणूक जॉर्जियातील किंग्ज बे येथील पाणबुडी तळावर, सुरक्षा दलात झाली. अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा हा तळ. तिथले काम पहाऱ्याचे होते : दक्ष राहायचे, दिवसामागून दिवस काहीच न घडताना दक्ष राहायचे. २००३ पर्यंत तो तिथे होता. त्यानंतर तो कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील ट्वेंटीनाइन पाम्स येथे, सातव्या मरीन रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाला. त्या बटालियनच्या ‘के’ कंपनीत चौथ्या प्लाटूनमध्ये त्याच्याकडे एका स्क्वाडचे नेतृत्व आले.

आणि इथे त्याच्या छोट्या आयुष्यातला, या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो. त्याच्या करारातील सेवेची मुदत २००४ च्या मध्यावर संपत होती. बटालियनचा इराकमधला कार्यकाळ त्यापुढेही चालणार होता. नियमाने त्याला मध्येच घरी परतता आले असते आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती. त्याने आपली मुदत स्वेच्छेने वाढवून घेतली. सगळे जण जिवंत घरी परतले पाहिजेत, अशा अर्थाचे त्याचे बोलणे त्याच्या सोबत्यांनी सांगितले आहे. हा निर्णय रणांगणावरचा नव्हता. शांतपणे, कागदावर सही करून घेतलेला होता. त्यामुळे काराबिलातल्या काही सेकंदांचा विचार करताना ही सही नजरेआड करता येत नाही.

३. संस्थेची रचना : स्क्वाड आणि त्याचा नायक

मरीन कोअर हे अमेरिकेच्या नौदल खात्याच्या अखत्यारीतले, पण स्वतंत्र असे सैन्यदल आहे. पायदळाची त्याची मूळ रचना लहान गटांवर उभी आहे. चार जणांची एक फायर टीम, अशा तीन टीम आणि त्यांचा नायक मिळून तेरा जणांचा स्क्वाड, तीन स्क्वाडची मिळून साधारणपणे एक प्लाटून. स्क्वाडचे नेतृत्व ही प्रमाण रचनेत सार्जंटची जागा. डनहमकडे ती कॉर्पोरल असतानाच, वयाच्या बाविसाव्या वर्षी आली होती. ज्यांची जबाबदारी त्याच्यावर होती त्यांतले बरेच जण एकोणीस-वीस वर्षांचे होते. नायक आणि शिपाई यांच्या वयात दोन-तीन वर्षांचेच अंतर, म्हणजे थोरल्या आणि धाकट्या भावाइतके.

लहान गटाच्या या बंधाचा अभ्यास समाजशास्त्राने केलेला आहे. एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी १९४८ साली दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की पराभव समोर दिसत असतानाही सैनिक टिकून राहिले ते मुख्यतः विचारप्रणालीमुळे नव्हे. रोज एकत्र जेवणाऱ्या-झोपणाऱ्या छोट्या गटाशी असलेली बांधिलकी त्यांना धरून ठेवत होती, आणि तो गट मोडला की माणूसही मोडत होता. राष्ट्र, ध्वज, सरकार ही सैनिकाच्या मनातली दूरची वर्तुळे असतात. ऐन वेळी त्याच्यासमोर असतो तो शेजारचा माणूस.

परंतु एवढ्याने डनहमचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. गटाची बांधिलकी गटातल्या प्रत्येकाला असते. हातबॉम्बवर प्रत्येक जण झेपावत नाही. इथे नायकाच्या भूमिकेचा विचार करावा लागतो. मरीन कोअरचे तत्कालीन प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी १९९९ मध्ये ‘स्ट्रॅटेजिक कॉर्पोरल’ ही कल्पना मांडली. एकाच शहरात एका गल्लीत मदतवाटप, दुसऱ्या गल्लीत शांतता राखणे आणि तिसऱ्या गल्लीत लढाई असे चित्र पुढच्या युद्धांत असेल. तिथे सर्वांत महत्त्वाचे निर्णय सेनापती घेणार नाही, रस्त्यावरचा कॉर्पोरल घेईल, असा त्या मांडणीचा आशय होता. पाच वर्षांनी डनहम नेमक्या अशाच रस्त्यावर उभा होता. कोणाला थांबवायचे, कोणाला जाऊ द्यायचे, गोळी कधी झाडायची आणि कधी हात आवरायचा, हे सारे त्याच्या पदावरच्या माणसाने क्षणोक्षणी ठरवायचे होते. निर्णय घेणे हे त्याचे रोजचे काम होते. अखेरच्या निर्णयाकडेही याच सवयीच्या प्रकाशात पाहायला हवे.

४. रणप्रदेश : एप्रिल २००४ चा अन्बार

युफ्रेटिस नदी सीरियातून इराकमध्ये शिरते तिथे अल-काइमचा परिसर आहे. हुसैबा हे सीमेवरचे गाव आणि त्याच्या पूर्वेला काराबिला. पिढ्यान्‌पिढ्या चोरट्या मालाची ये-जा असलेली ही सीमा २००३ नंतर लढवय्यांच्या आणि शस्त्रांच्या वाहतुकीसाठी वापरली जाऊ लागली. मरीन कोअरच्या पहिल्या डिव्हिजनकडे २००४ च्या मार्च महिन्यात अन्बार प्रांताची सूत्रे आली, तेव्हा सीमेवरचा हा कोपरा डनहमच्या बटालियनच्या वाट्याला आला.

३१ मार्च रोजी फलुजात चार अमेरिकी कंत्राटी सुरक्षारक्षकांना ठार मारून त्यांच्या मृतदेहांची विटंबना करण्यात आली. त्यानंतर फलुजावर मरीन दलाची मोहीम सुरू झाली आणि प्रांतभर वणवा पेटला. एप्रिल २००४ या एका महिन्यात इराकमध्ये सव्वाशेहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. इराकी नागरिकांनी मोजलेली किंमत त्याहून कितीतरी मोठी होती. डनहम जखमी झाल्यानंतर तीनच दिवसांनी, १७ एप्रिलला, हुसैबात झालेल्या लढाईत त्याच बटालियनचे पाच मरीन मारले गेले. त्यांत एक कंपनी कमांडर होता. हा संदर्भ सांगण्याचे कारण असे, की १४ एप्रिलची घटना एखाद्या शांत दिवशी अचानक उद्भवलेली नव्हती. असे काही घडू शकते याची जाणीव तिथल्या प्रत्येक मरीनला होती आणि त्यावर ते आपापसांत बोलतही होते.

५. पूर्वविचार : एक संभाषण

घटनेच्या काही आठवडे आधी एका चौकीत डनहम आणि त्याचे दोन वरिष्ठ सहकारी यांच्यात बोलणे झाले. विषय होता, हातबॉम्ब पायाशी येऊन पडला तर जगायचे कसे. एकाने सुचवले, की बॉम्बवर पालथे पडून तो दोन्ही हातांच्या मध्ये धरला, तर चिलखती जाकिटातली सिरॅमिकची पट्टी छाती-पोटाला वाचवू शकेल. हात जातील, पण कदाचित जीव राहील. डनहमचे मत वेगळे होते. बॉम्बवर केव्हलरचे हेल्मेट दाबून धरले तर स्फोट आत अडवता येईल, असे त्याला वाटत होते. तिसऱ्याने शंका घेतली : तरीही माणसाची दशा होईलच.

या संभाषणाची माहिती वॉल स्ट्रीट जर्नलचे वार्ताहर मायकेल फिलिप्स यांच्या वृत्तांतातून जगापुढे आली. पुढे त्यांनी डनहमवर ‘द गिफ्ट ऑफ व्हॅलर’ हे पुस्तकही लिहिले. संभाषणातला एक बारकावा निसटू देता कामा नये. तिघेही जगण्याचा उपाय शोधत होते. बॉम्बवर पडून मरावे कसे, हा प्रश्नच तिथे नव्हता. हेल्मेट वापरण्याची कल्पना स्वतःसह सर्वांना वाचवण्याची होती. तेव्हा पुढे जे घडले त्याला मरण पत्करण्याची तयारी म्हणता येईल. मरणाची इच्छा म्हणता येणार नाही.

६. घटनाक्रम

सन्मानपत्रातील अधिकृत निवेदनानुसार, १४ एप्रिलला डनहमचा स्क्वाड काराबिलात टेहळणीवर असताना सुमारे दोन किलोमीटर पश्चिमेला रॉकेट आणि बंदुकांचे आवाज सुरू झाले. हुसैबाच्या छावणीकडे निघालेल्या बटालियनच्या प्रमुखाच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला होता. डनहमने आपली माणसे त्या दिशेला नेली. वाटेत गोळीबार सुरू होताच त्याने सर्वांना वाहनांतून उतरवले आणि एक फायर टीम घेऊन तो ताफ्याच्या दक्षिणेच्या गल्ल्यांत पायी शिरला.

तिथे सात गाड्यांची रांग परिसरातून बाहेर पडण्याच्या बेतात दिसली. हल्लेखोर पळत असतील, तसेच लढाईपासून दूर जाऊ पाहणारी सामान्य कुटुंबेही असतील. गाड्यांवर गोळ्या झाडणे सोपे होते. डनहमने त्या थांबवल्या आणि झडती घ्यायला सुरुवात केली. एका गाडीजवळ जाताच आतल्या माणसाने उडी मारून त्याच्यावर हल्ला चढवला. दोघे जमिनीवर कोसळले. दोन सहकारी मदतीला धावले. तेवढ्यात डनहमचा आवाज आला. नको नको म्हणत तो त्या माणसाच्या हाताकडे लक्ष द्या असे ओरडत होता. लगेच स्फोट झाला.

या क्रमात एक गोष्ट ठळकपणे दिसते. डनहमने आधी इशारा दिला, मग कृती केली. आवेगात झेपावणाऱ्या माणसाच्या तोंडून असा नेमका इशारा निघणे कठीण. बॉम्ब दिसणे, सहकाऱ्यांना सावध करणे, हेल्मेट काढणे, ते बॉम्बवर दाबणे आणि शरीराने त्याला आधार देणे एवढ्या पायऱ्या त्याने एका झटापटीच्या मध्यात पार केल्या. त्यासाठी उपाय आधीच मनात तयार असावा लागतो, आणि तो होता.

७. हेल्मेट आणि बॉम्ब : भौतिक बाजू

त्या माणसाच्या हातातला बॉम्ब ब्रिटिश बनावटीचा ‘मिल्स बॉम्ब’ होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, वापरात आलेला हा प्रकार. बाहेर खाचा असलेले ओतीव लोखंडाचे कवच, आत स्फोटक आणि मध्यभागी स्प्रिंगवर ताणलेला घोडा. पिन ओढल्यावरही बाजूची पट्टी मुठीत दाबलेली असेपर्यंत काही होत नाही. मूठ सैल झाली की पट्टी उडते, घोडा आपटतो, वात पेटते आणि साधारण तीन ते पाच सेकंदांत स्फोट होतो. गाडीच्या तळाशी नंतर जी पिन सापडली ती याच बॉम्बची असावी, असे तिथल्या मरीन सैनिकांचे मत पडले. म्हणजे झटापट सुरू झाली तेव्हाच पिन निघालेली होती आणि बॉम्ब फक्त त्या माणसाच्या मुठीच्या दाबावर थांबलेला होता. डनहमला मिळालेला वेळ हा मूठ सुटल्यानंतरचा, एवढाच.

स्फोटाचे दोन मारक परिणाम असतात : कवचाच्या वेगाने उडणाऱ्या किरचा आणि हवेच्या दाबाची लाट. केव्हलर हा अतिशय चिवट कृत्रिम धागा. त्याच्या विणीचे अनेक थर राळेत बसवून हेल्मेट तयार होते. बाहेरून येणारी किरच थरांत अडकते, तिचा जोर पसरतो आणि डोके वाचते. हे काम हेल्मेट उत्तम करते. पण बॉम्ब हेल्मेटच्या पोकळीत फुटला तर गणित उलटे होते. सर्व किरचा एकाच वेळी, अगदी जवळून, आतल्या बाजूवर आदळतात, आणि फुगणाऱ्या वायूंना बाहेर पडायला वाव नसल्यामुळे दाब कवचालाच फाडतो. हेल्मेट बाहेरचा आघात झेलण्यासाठी घडवलेले असते. आतून होणारा स्फोट कोंडून ठेवणे हा त्याच्या घडणीचा हेतूच नव्हे.

म्हणून डनहमचा तर्क अर्धा खरा ठरला. हेल्मेटच्या चिंधड्या झाल्या. ते त्याला वाचवू शकले नाही. मात्र किरचांचा मोठा वाटा हेल्मेटने आणि त्याच्या देहाने शोषला. उघड्यावर फुटलेल्या बॉम्बच्या किरचा सर्व दिशांना जातात आणि हाताच्या अंतरावरचा माणूस क्वचितच वाचतो. इथे तेवढ्याच अंतरावरचे दोघे जगले.

८. पुरावा आणि सन्मानाची प्रक्रिया

आता एक अवघड मुद्दा. डनहमने हेल्मेट बॉम्बवर ठेवले, हे सहकाऱ्यांपैकी कोणीही प्रत्यक्ष पाहिले नव्हते. बॉम्बही इतरांच्या नजरेला पडला नव्हता. मग निष्कर्ष कसा निघाला? रस्त्यावर केव्हलरच्या चिंध्या विखुरल्या होत्या आणि हेल्मेट आतून फुटल्याचे त्यांवरून दिसत होते. इशाऱ्याचा आवाज ऐकलेले साक्षीदार होते. जखमांचे स्वरूप होते. गाडीत न फुटलेला दुसरा मिल्स बॉम्ब आणि इतर शस्त्रे सापडली होती. आणि चौकीतले ते संभाषण आठवणारे दोघे होते. यातला एकेक धागा एकटा पुरेसा नाही. सर्व एकत्र घेतल्यावर दुसरा कोणताही अर्थ बसत नाही. न्यायशास्त्रात परिस्थितिजन्य पुराव्याची जी साखळी म्हणतात, ती इथे पूर्ण आहे.

मेडल ऑफ ऑनरसाठी पुराव्याची कसोटी अत्यंत कडक असते. शिफारस युनिटपासून वर सरकत मरीन कोअरचे प्रमुख, नौदलमंत्री, संरक्षणमंत्री आणि अखेर राष्ट्राध्यक्ष यांच्यापर्यंत जाते. एप्रिल २००४ मधील कृतीसाठी घोषणा १० नोव्हेंबर २००६ रोजी झाली; ती राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी व्हर्जिनियात मरीन कोअरच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या उद्‌घाटनात केली. पदक ११ जानेवारी २००७ रोजी व्हाइट हाउसमध्ये त्याच्या कुटुंबाच्या हाती देण्यात आले.

ही कसोटी किती कडक, हे सार्जंट राफाएल पेराल्टा यांच्या प्रकरणावरून कळते. १५ नोव्हेंबर २००४ रोजी फलुजात, डोक्याला गोळी लागून खाली पडलेल्या पेराल्टा यांनी हातबॉम्ब अंगाखाली ओढून घेतला, अशी सहकाऱ्यांची साक्ष होती. परंतु तशा जखमेनंतर जाणीवपूर्वक हालचाल शक्य होती का, या वैद्यकीय वादामुळे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००८ मध्ये मेडल ऑफ ऑनर नाकारले आणि त्याखालचा नेव्ही क्रॉस दिला गेला. या निर्णयावर कुटुंबीय आणि अनेक मरीन नाराज झाले. पण वादाचा गाभा पाहण्याजोगा आहे : हात हलला की नाही, यापेक्षा तो समजून-उमजून हलवला का, हे ठरवायचे होते. सन्मान शरीराच्या हालचालीला मिळत नाही, निर्णयाला मिळतो. संस्थेची ही भूमिका प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाशी जुळणारी आहे.

९. आठ दिवस

डनहमच्या डोक्यात किरचा घुसल्या होत्या. प्रथमोपचार केंद्रातून हेलिकॉप्टरने मोठ्या तळावर, तिथून मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बगदाद, पुढे जर्मनीतील लांडस्टूल आणि २१ एप्रिलला बेथेस्डा असा त्याचा प्रवास झाला. वाटेत एका टप्प्यावर जखमींच्या वर्गवारीत तो वाचण्यापलीकडच्यांत धरला गेला होता; परंतु बोलण्याला प्रतिसाद म्हणून त्याने हात दाबल्याचे शुश्रूषा करणाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्याला पुढे पाठवण्यात आले. त्या अवस्थेतल्या अनोळखी सैनिकासाठी डॉक्टर, परिचारिका आणि वैमानिक यांनी जे केले, तीही जबाबदारीचीच साखळी होती.

बेथेस्डात आईवडील पोहोचले. मेंदूची हानी भरून येण्यासारखी नव्हती. मरीन कोअरचे प्रमुख जनरल मायकेल हेगी यांनी रुग्णशय्येपाशी ‘पर्पल हार्ट’ हे जखमी सैनिकाचे पदक दिले. २२ एप्रिलला कृत्रिम यंत्रणा काढण्याचा निर्णय आईवडिलांनी घेतला. मुलाने एका निर्णयाने दोघांना जगवले होते. आईवडिलांना दुसऱ्या निर्णयाने मुलाला जाऊ द्यावे लागले. शौर्याच्या विवेचनात ही बाजू तळटिपेत ढकलली जाते. तसे होता कामा नये, कारण बलिदानाची किंमत देणारा माणूस निघून जातो आणि ती फेडत राहणारे मागे उरतात.

१०. नैतिक स्वरूप : कर्तव्य आणि त्यापलीकडे

एमिल दुरखेम यांनी १८९७ च्या आत्महत्येवरील ग्रंथात ‘परार्थी आत्महत्या’ असा वर्ग केला आणि सैन्य हे तिचे एक क्षेत्र मानले. समूहाशी पुरता एकरूप झालेला माणूस स्वतःच्या जिवाला किंमत देईनासा होतो, असा त्यांचा विचार. डनहमला हा वर्ग लागू पडत नाही. तो जगण्याचे उपाय शोधत होता, घरी परतण्याचे बेत करत होता, आणि शेवटच्या क्षणीही त्याने नुसते शरीर न टाकता हेल्मेट पुढे केले. स्वतःच्या जिवाची किंमत न कळलेला माणूस हेल्मेटचा विचार करत नाही.

अधिक उपयोगी पडतो तो ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. ओ. अर्म्सन यांचा १९५८ मधला संत आणि वीर यांवरील निबंध. कृतींची विभागणी बंधनकारक, अनुज्ञेय आणि निषिद्ध अशा तीनच वर्गांत करणे अपुरे आहे, असे त्यांनी दाखवले. आणि उदाहरण घेतले ते हातबॉम्बवर झेपावणाऱ्या सैनिकाचेच. अशी कृती करण्याचा हुकूम कोणताही अधिकारी देऊ शकत नाही. ती न करणाऱ्याला कोणी दोष देऊ शकत नाही. तरीही ती नुसती ‘चालेल’ अशा वर्गातली नाही. ती कर्तव्याच्या पलीकडची, अत्यंत मोलाची आहे. त्याच निबंधात आणखी एक सूक्ष्म निरीक्षण आहे : अशी कृती करणाऱ्याला स्वतःला मात्र ती आपले कर्तव्यच वाटू शकते.

डनहमच्या बाबतीत हे निरीक्षण मर्मावर बोट ठेवते. बाहेरून पाहता मुदत वाढवून घेणे कर्तव्यापलीकडचे होते, बॉम्ब झाकणे तर फारच पलीकडचे. त्याच्या बाजूने पाहिले तर दोन्ही एकाच रेषेवर येतात. सर्वांना परत न्यायचे, हे त्याने स्वतःशी ठरवले होते. पहिल्या वेळी त्यासाठी काही महिने द्यावे लागणार होते, दुसऱ्या वेळी प्राण. प्रशिक्षणाने त्याला वेग आणि नजर दिली, पदाने अधिकार दिला, संभाषणाने उपाय दिला. शेवटची पायरी मात्र कोणी शिकवलेली नव्हती आणि शिकवता येण्यासारखीही नव्हती.

११. युद्ध आणि योद्धा : दोन वेगळे निवाडे

इराकवरील आक्रमणासाठी जी संहारक शस्त्रे कारण म्हणून पुढे केली गेली, ती सापडली नाहीत. त्या युद्धाने इराकी समाजाची जी वाताहत केली ती आजही पुसली गेलेली नाही. मग अशा युद्धातल्या पराक्रमाला मोल द्यावे का, हा प्रश्न प्रामाणिक आहे. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ च्या न्याय्य-अन्याय्य युद्धांवरील ग्रंथात युद्ध पुकारण्याचा निवाडा आणि युद्धातल्या वर्तनाचा निवाडा वेगळे ठेवले. युद्ध पुकारणे हा राज्यकर्त्यांचा निर्णय, त्याचे उत्तरदायित्व त्यांचे. सैनिकाचा न्याय तो कसा लढला यावरून होतो.

या कसोटीवर डनहमची दुपार तपासली तर दोन गोष्टी दिसतात. अनोळखी गाड्यांच्या रांगेवर त्याने गोळ्या चालवल्या नाहीत. झडती घेण्याचा अधिक धोक्याचा मार्ग पत्करला. आणि धोका प्रत्यक्षात उतरला तेव्हा तो त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. त्याच्या पराक्रमाने युद्ध न्याय्य ठरत नाही. युद्ध चुकीचे ठरल्याने त्याचा पराक्रमही उणा होत नाही. त्याच्या स्मृतीचा आधार घेऊन युद्धाचे समर्थन करणे आणि युद्धाच्या रागापोटी त्याला विसरणे, हे दोन्ही सारखेच अन्यायाचे.

१२. निष्कर्ष

डनहमच्या नावाने आज अमेरिकी नौदलाची एक विनाशिका आहे. मेन राज्यातील बाथ येथे ती बांधली गेली, नोव्हेंबर २०१० मध्ये सेवेत दाखल झाली आणि त्याच्या हेल्मेटचे तुकडे तिच्या डोलकाठीत बसवलेले आहेत. सायोचे टपाल कार्यालयही त्याच्या नावाने ओळखले जाते. या स्मारकांना अर्थ आहे, पण वीराला जितके उंच नेऊन बसवावे तितका तो आपल्यापासून दूर जातो, आणि त्याची कृती आपल्या विचाराच्या कक्षेबाहेर टाकली जाते.

वरील विवेचनातून चार गोष्टी हाती येतात. एक, डनहमची कृती आवेगाची नव्हती; तिच्यामागे आधी केलेला विचार, आधी घेतलेला निर्णय आणि त्या क्षणी दिलेला इशारा होता. दोन, ती यांत्रिकही नव्हती; अशी कृती हुकमाने किंवा कवायतीने घडवून आणता येत नाही. तीन, तिचा हेतू मरण हा नव्हता. सर्वांचे जगणे हा होता, आणि त्यात त्याचे स्वतःचे जगणेही होते. चार, तिचे मूळ मोठ्या घोषणांत सापडत नाही; नेमून दिलेल्या मोजक्या माणसांची जबाबदारी पुरेपूर स्वीकारण्यात सापडते.

चौथा मुद्दा रणांगणापुरता नाही. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत अशा प्रत्येकाला, मग तो कारखान्यातला मुकादम असो, बोटीवरचा तांडेल असो की वर्गावरची शिक्षिका असो, हाच प्रश्न लहान प्रमाणात रोज पडतो : यांच्या वाट्याचा धोका मी किती स्वतःकडे घेणार? बहुतेकांना त्याचे उत्तर प्राण देऊन द्यावे लागत नाही. पण ते उत्तर संकटाच्या क्षणी तयार होत नसते; ते त्याआधीच्या साध्या दिवसांत, छोट्या निर्णयांतून घडत असते. बावीस वर्षांच्या त्या कॉर्पोरलच्या आयुष्याचा अभ्यास करायचा तो एवढ्यासाठी, की ही घडण त्याच्यात पायरीपायरीने पाहता येते.